ढोल, लूप आणि हक्क: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (अमळनेर): श्रावणात कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या देवीच्या) रोटांच्या वेळी आमच्या गल्लीतल्या बायका गातात, ती गाणी मोबाइलवर रेकॉर्ड केली आहेत. खाली बीट टाकून यूट्यूबवर टाकायची आहेत. गाणी तर परंपरेनं आलेली. परवानगी लागते का?

उत्तर: शब्दांना आणि चालीला लागत नाही, आवाजाला लागते. प्रत्येक गाण्यात चार गोष्टी वेगवेगळ्या धरायच्या: शब्द, चाल, गाणारीचा आवाज आणि ध्वनिमुद्रण. कानबाईच्या गाण्यात पहिल्या दोन सगळ्यांच्या आहेत. पण गाणाऱ्या बाईला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं कलावंताचा हक्क दिलाय, आणि तो गायल्यापासून ५० वर्षं टिकतो. ती शेजारची काकू आहे, पैसे मागत नाही, म्हणून तो हक्क नाहीसा होत नाही.

एक पानभर संमतिपत्र पुरतं. त्यात गाणारीचं नाव, गाव, तारीख, गाण्याची पहिली ओळ, वापर कुठे होणार (यूट्यूब, रील, डीजे), पैसे आले तर तिचा वाटा किती आणि तिचं नाव कसं छापणार, एवढं लिहा. वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या. मागे झील धरणाऱ्या बायका असतील तर प्रत्येकीची सही घ्या. आणखी एक गोष्ट वेगळी विचारा: हे गाणं नाचाच्या ठेक्यावर गेलेलं त्यांना चालेल का? देवीपुढे गायलेलं गाणं वरातीत वाजावं हे काहींना मान्य नसतं. कागदावर सही असली तरी हे तोंडी विचारायलाच हवं.

अपलोड करताना गीतकार आणि संगीतकार या रकान्यांत ‘पारंपरिक’ लिहा. ‘संगीत संयोजन’ म्हणून तुमचं नाव द्या, कारण तेवढंच तुमचं आहे. अहिराणी गाण्यांच्या खाली सर्रास स्वतःचं नाव गीतकार म्हणून टाकलं जातं. हा खोटेपणा आहे, आणि त्याचा त्रास उद्या दुसऱ्या गावात तेच गाणं गाणाऱ्या बाईला होतो.

गाणं पुस्तकातून किंवा कॅसेटवरून घेतलं असेल तर हिशेब बदलतो. बहिणाबाई चौधरींचं बघा. त्या १९५१ मध्ये वारल्या, गाण्यांचा संग्रह १९५२ मध्ये निघाला. ६० वर्षांची मुदत २०१२ च्या अखेरीला संपली, म्हणून त्या संग्रहातले शब्द आज खुले आहेत. पण त्याच कवितेला पुढे एखाद्या संगीतकारानं लावलेली चाल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याची, आणि तिचं ध्वनिमुद्रण प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं ते काढणाऱ्या कंपनीचं. नवी चाल तुम्ही स्वतः लावा, मग प्रश्नच उरत नाही.

प्रश्न (शिरपूर): दुसऱ्याच्या गाण्यातला सात सेकंदांपेक्षा कमी तुकडा घेतला किंवा पट्टी बदलली तर चालतं असं सगळे म्हणतात. खरं काय?

उत्तर: आपल्या कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. ध्वनिमुद्रणाचा भाग दुसऱ्या ध्वनिमुद्रणात घालण्याचा हक्क मूळ मालकाचा आहे. जर्मनीतल्या क्राफ्टवेर्क या गटाच्या १९७७ च्या गाण्यातला जेमतेम दोन सेकंदांचा ठेका १९९७ मध्ये दुसऱ्या गाण्यात फिरवला गेला. त्यावरचा वाद दोन दशकांहून अधिक चालला. २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की तुकडा अगदी छोटा असला तरी परवानगी हवी. कानाला ओळखूच येणार नाही इतका बदलला असेल तरच गोष्ट वेगळी. तो निकाल युरोपातला आहे, आपल्यावर बंधनकारक नाही, पण ‘छोटा आहे म्हणून फुकट’ ही समजूत किती कच्ची आहे ते त्यावरून दिसतं. पट्टी अर्धा-एक स्वर सरकवून ओळख पुसली जात नाही. यूट्यूबची तपासणीही ते बहुतेकदा पकडते.

तोच ठेका वादक बोलावून पुन्हा वाजवून घेतला तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, चालीचा राहतो. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढायला कायद्यात कलम ३१सी आहे. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली हवीत, शब्द-चालीत बदल करता येत नाही, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं. गावातल्या कलाकाराला हे परवडणारं नाही. त्यापेक्षा मालकाला सरळ पत्र लिहून परवानगी मागावी.

प्रश्न (धडगाव): होळीतल्या मोठ्या ढोलाचा लूप (पुन्हा पुन्हा फिरवायचा तुकडा) मिनिटाला १२४ मात्रांच्या गाण्यात बसवतोय. चार आवर्तनांनंतर सुटतो, आणि ताणला (पट्टी तीच ठेवून वेग बदलला) की थाप फुटल्यासारखी येते.

उत्तर: आधी लूपचा खरा वेग काढा. मात्रा गुणिले ६०, भागिले सेकंद. आठ मात्रांना ४.१० सेकंद लागत असतील तर वेग ११७. सॉफ्टवेअर आपोआप सांगतं त्यावर विसंबू नका. ढोलाच्या दुहेरी थापेमुळे ते हमखास दीडपट किंवा अर्धा आकडा दाखवतं.

११७ वरून १२४ म्हणजे साधारण १.०६ पट, आणि एक अर्धस्वर म्हणजेही १.०६ पटच. म्हणून इथे ताणूच नका. वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा पर्याय वापरा. ढोल अर्धा स्वर वर जाईल, थाप मात्र शाबूत राहील. ताणताना सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडतं. थापेचा सुरुवातीचा ठोका अशा दोन तुकड्यांत सापडला की तो दोनदा ऐकू येतो. तुमची थाप फुटते ती यामुळेच. सोबत पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजत असेल तर मात्र हा उपाय चालणार नाही, कारण तिची पट्टी सरकेल. मग ढोल आणि पावरी वेगवेगळे रेकॉर्ड करा.

चार आवर्तनांनंतर सुटण्याचं कारण वेगळं आहे. जिवंत वादक उत्साहात चढत जातो. म्हणून लूप थापांवर कापा, प्रत्येक तुकडा ग्रिडकडे (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांकडे) सरकवा, पण पूर्ण नाही, निम्माच. शंभर टक्के बसवलात तर होळीची चाल जाते आणि कुठल्याही यंत्रावरचा ठेका उरतो. काप थापेच्या ५ मिलिसेकंद आधी, लहर शून्यावर असताना घ्या आणि टोकाला २-३ मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू चढ-उतार) द्या; नाहीतर प्रत्येक फेरीला ‘टक्’ येईल.

पुढच्या वेळी रेकॉर्डिंग असं करा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. मोबाइलचं आपोआप आवाज जुळवणं बंद करा, कारण प्रत्येक थापेनंतर ते मागचा गलका वर ओढतं. माइक ढोलापासून दीड-दोन मीटर; आवाज मोजणाऱ्या पट्टीचं टोक उणे १२ डेसिबलवर राहू द्या. दोन्ही तोंडांना दोन माइक लावलेत तर एकाची फेज (लहरीची दिशा) उलटी करून बघा, ज्यात खर्ज भरीव येतो ते ठेवा. शेवटी वादकाकडून सुट्या थापा घ्या: हलकी, मध्यम, जोराची, प्रत्येकी चार-पाच वेळा, गुंजन पूर्ण विरेपर्यंत. एकच थाप पुन्हा पुन्हा लावली की कान लगेच ओळखतो. असा स्वतःचा साठा झाला की कुणाचा लूप मागायची गरज राहत नाही. आणि सातपुड्यातला ढोल कुठल्याही विकतच्या पॅकमधल्या ढोलापेक्षा सरस आहे.

प्रश्न (भुसावळ): लूप रीतसर विकत घेतला, तरी यूट्यूबवर दुसऱ्याच कुणाचा तरी दावा आला. चॅनल जाईल का?

उत्तर: नाही. दावा म्हणजे स्ट्राइक (चॅनलवर लागणारा हक्कभंगाचा ठपका) नव्हे. त्यानं बहुतेकदा जाहिरातीचे पैसे तिकडे वळतात. तुमच्यासारखाच तो लूप घेतलेल्या कुणीतरी आपलं गाणं यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवलंय, जे बहुतेक लूप परवान्यांत मनाई असलेलं आहे. खरेदीची पावती आणि परवान्याचा मजकूर जोडून हरकत घ्या. पाच दिवसांत घेतलीत तर दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवले जातात. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. परवाना हातात नसताना मात्र हरकत-अपील करत बसू नका. तिथून प्रकरण स्ट्राइकपर्यंत जातं, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद होतं.

प्रश्न (धुळे): हळदीत आणि वरातीत रिमिक्स वाजवायला परवाना?

उत्तर: लग्नसमारंभात गाणं वाजवणं कलम ५२ नुसार हक्कभंग ठरत नाही, वरातही त्यात येते. रिमिक्स तयार करून नेटवर टाकणं किंवा पेनड्राइव्हवर विकणं या सवलतीत बसत नाही.

प्रश्न (चाळीसगाव): जुन्या गाण्यातून आवाज वेगळा काढला की तो पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

उत्तर: तुम्ही बहुधा १२८ केबीपीएसची (कमी दर्जाची, दाबलेली) एमपी३ वापरताय. तिच्यात साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं काही उरलेलं नसतं, आणि वेगळं काढणारं सॉफ्टवेअर उरलेल्यातून आणखी खरवडतं. सीडीवरून वेव्ह फाइल काढा. वेगळा काढलेला आवाज एकटा सोडू नका, मूळ गाणं अगदी हळू, उणे १८ ते २० डेसिबलवर खाली ठेवा. पोकळी बरीच झाकली जाते. आवाज वेगळा निघाला म्हणून गायिकेचा आणि कंपनीचा हक्क वेगळा निघत नाही, तेव्हा हे सरावासाठी ठेवा, नाहीतर परवानगी घ्या.