टाइमटेबल पुन्हा करू नकोस

प्रश्न : मॅडम, मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभरात पाच-सहा वेळा टाइमटेबल केलं. शेवटचं सोबत जोडलं आहे. तीन-चार दिवस जोरात चालतं, मग एखादा दिवस चुकतो आणि सगळंच बारगळतं. २१ दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात, पण मी तिथपर्यंत एकदाही पोहोचले नाही. रात्री मोबाइलमध्ये साडेबारा वाजतात. वर्गातल्या मुली कुठल्या कुठे गेल्या. माझ्यात जिद्दच नाही का? उद्या नोकरीत माझं कसं होणार?

उत्तर : तुझ्या पत्रापेक्षा तुझं टाइमटेबल मी जास्त वेळ वाचलं. पहाटे ५ ला उठणं, ५.१० ला ध्यान, ५.३० ला व्यायाम, सव्वासहाला इंग्रजी पेपर, ७ ला अभ्यास. ९ ते ४ कॉलेज. ४.३० ला एक्सेल, साडेसहाला पुन्हा अभ्यास, साडेनऊला अवांतर वाचन, साडेदहाला डायरी आणि ११ ला झोप. एकूण नऊ नव्या गोष्टी, त्याही एकाच सोमवारपासून. आंघोळ कुठेच नाही. जाण्यायेण्याचा वेळ नाही. साडेसहा ते साडेनऊ सलग तीन तास अभ्यास दाखवला आहेस, त्यात जेवणाचा रकाना नाही. मैत्रिणीचा फोन, घरातलं एखादं काम, डोकेदुखी यातलं काहीही झालं की पुढचे सगळे रकाने घसरणार. हे टाइमटेबल जिद्दीच्या माणसालाही पाळता आलं नसतं, त्यामुळे जिद्दीचा प्रश्न तूर्तास बाजूला ठेवू.

स्वतःच्या वेळेचा अंदाज चुकणारी तू एकटी नाहीस. कॅनडातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिघडत गेलं तर? तरी ४९ च्या आत. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला. त्यामुळे मुलं माझ्याकडे टाइमटेबल घेऊन येतात तेव्हा मी आधी त्यातलं अर्धं खोडते, आणि तेही बहुतेक वेळा कमीच खोडलेलं असतं.

आता ते २१ दिवस. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या लिखाणातून १९६० च्या सुमारास पसरला. शस्त्रक्रियेनंतर आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. व्यायाम किंवा अभ्यास अंगवळणी पडण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे सांगोवांगी ‘किमान’ गळलं, चेहरा गळला आणि आकडा तेवढा उरला. खऱ्या सवयींवरचा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झाला, तो २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी प्रत्येकी एकच नवी गोष्ट निवडली आणि ती १२ आठवडे रोज करायचा प्रयत्न केला. न ठरवता, आपोआप ती व्हायला लागेपर्यंतचा काळ निघाला साधारण ६६ दिवस. माणसामाणसांत फरक मात्र प्रचंड, कुणाला १८ दिवस, तर कुणाच्या बाबतीत अंदाज गेला थेट २५४ वर. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळली, व्यायाम उशिरा. आणि तुझ्या कामाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकल्याने एकूण प्रगतीत फारसा फरक पडला नाही. तू मात्र चौथ्या दिवशी चुकलीस की पुढचे दोन महिने सोडून देतेस. तुझं नुकसान त्या एका दिवसात झालंच नाही, ते पुढच्या दोन महिन्यांत झालं.

म्हणून नऊपैकी एकच गोष्ट ठेव. कुठली, हे निवडणं तुझ्या हातात आहे, पण मला विचारशील तर एक्सेल. शेवटचं वर्ष आहे, नोकरीच्या अर्जात ते लागेलच, आणि त्याची प्रगती डोळ्यांना दिसते. ध्यान चांगलंच आहे, पण आज किती झालं ते दाखवता येत नाही, आणि तुला सध्या स्वतःवर विश्वास बसेल असं काहीतरी दिसायला हवं आहे.

त्या एका गोष्टीलाही नुसती वेळ देऊ नकोस. वेळ घसरते. रोज न चुकता घडणाऱ्या कुठल्यातरी गोष्टीच्या शेपटाला ती बांध. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकारी संशोधिकेने १९९७ मध्ये एक साधा प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल ४८ तासांत लिहून पाठवायचा होता. काहींना फक्त काम सांगितलं, काहींकडून ते कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवून घेतलं. ठरवलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांनी अहवाल वेळेत लिहिला. बाकीच्यांत हे प्रमाण एक तृतीयांश होतं. कुणाचीही इच्छाशक्ती रातोरात वाढली नव्हती, फक्त ‘आता बसू की मग बसू’ हा रोजचा वाद आधीच मिटला होता.

तुझ्या बाबतीत ते असं दिसेल : कॉलेजमधून आले, बॅग ठेवली, हातपाय धुतले की खोलीतल्या टेबलाशी बसायचं आणि २० मिनिटं एक्सेल. चार वाजता आलीस तर चारला, सहाला आलीस तर सहाला. पलंगावर टेकायचं नाही. तिथे एकदा टेकलं की पाऊण तास गेला, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

खरी तयारी मात्र आदल्या दिवशीची. तुझ्या टाइमटेबलात ‘एक्सेल’ एवढंच लिहिलंय. थकून आल्यावर माणूस तो शब्द वाचतो आणि मग विचार करायला लागतो, काय करू, कुठला व्हिडिओ बघू, मागच्या वेळी कुठे थांबले होते? या शोधाशोधीतच मोबाइल हातात येतो. त्याऐवजी टेबलावरून उठण्यापूर्वी एका चिठ्ठीवर उद्याचं पहिलं काम लिही आणि ती कीबोर्डवर ठेव. ‘पिव्होट टेबल शिकणे’ (म्हणजे मोठ्या यादीचा सारांश काढणारा एक्सेलमधला तक्ता) असं लिहिलंस तर ते पुन्हा टाइमटेबलच झालं. असं लिही : ‘विक्रीची फाइल उघड, दुसऱ्या शीटवर पिव्होट टेबल अर्धं झालंय, रकान्यांत महिना टाक, बेरजेऐवजी सरासरी कशी येते ते बघ.’ हे वाचून विचार करावा लागत नाही, हात चालायला लागतात. शक्यतो काम अर्धवट असताना, पुढची पायरी माहीत असताना थांब. धडा पूर्ण करून उठलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पाटी कोरी मिळते, आणि कोऱ्या पाटीसमोर चालढकल फार सोपी असते.

आणि २० मिनिटं म्हणजे २० च. पहिल्या आठवड्यात तुला दीड तास बसावंसं वाटेल, बसू नकोस. दीड तासाचा दिवस दुसऱ्या दिवशी डोक्यावर बसतो : काल दीड तास केलं, आज एवढा वेळ कुठून आणू, मग आज राहू दे. तीन आठवडे बिनबोभाट गेले की वाढव.

चुकलेल्या दिवसाची सोयही आत्ताच करून ठेव, कारण तो येणारच आहे. परीक्षा असेल, ताप असेल, घरात पाहुणे असतील. अशा दिवसासाठी लहानातली लहान आवृत्ती ठरव. फाइल उघडायची, एक सूत्र लिहायचं, बंद करायची. दोन मिनिटं. हसू येईल, पण यातून टेबलाशी बसण्याचा धागा तुटत नाही. तेही जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करायची नाही. नेहमीची २० मिनिटं, बस. भरपाईच्या नादात मुलं जितकी टाइमटेबलं मोडतात तितकी आळसाने मोडत नाहीत, असं माझं मत झालं आहे.

पहाटे ५ चा हट्ट आधी सोड. साडेबाराला झोपून पाचला उठलीस तर साडेचार तास झोप होते. तुझ्या वयाला रोज किमान सात तास लागतात. कमी झोपेत वाचलेलं टिकत नाही आणि चिडचिड वाढते ती वेगळीच. मग चौथ्या दिवशी शरीर संप करतं आणि तू त्याला स्वतःचा आळशीपणा म्हणतेस. उठायची वेळ आपोआप अलीकडे सरकेल, आधी झोपायची सरकू दे.

त्यासाठी मोबाइलचं बघावं लागेल. वेळेवर बंधन घालणारी ॲप मुलं टाकतात आणि दोन दिवसांत त्याच बोटाने ते बंधन उठवतात. अंतर जास्त उपयोगी पडतं. चार्जर दुसऱ्या खोलीत लाव आणि रात्री फोन तिथेच राहू दे. गजरासाठी साधं घड्याळ घे, कारण ‘गजर लावायला’ म्हणून फोन उशाशी येतो आणि मग जात नाही. संध्याकाळच्या त्या २० मिनिटांतही फोन तिकडेच. एक कल्पना अशीही करून बघ : अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ च्या एका लहानशा अभ्यासात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्या तरुणांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. जितकी यादी तपशीलवार तितकी लवकर. तुझ्या डायरीच्या रकान्याचं काम ही पाच मिनिटं करतील. मनातल्या भावना लिहिण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण रात्री साडेदहाला मुली डायरीत बहुतेक करून स्वतःला शिव्या घालतात, हे मी बरंच वाचलंय.

अभ्यासाबद्दल थोडक्यात. ‘तीन तास वाचते पण लक्षात राहत नाही’ असं तू टाइमटेबलाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं आहेस. वाचन थोडं कमी कर. एक विभाग वाचून झाला की पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग उघडून ताडून बघ. २००६ मधल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं म्हणून छान वाटतं. कागदावर लिहिताना गाळलेलं उघडं पडतं म्हणून बोचतं. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नसते, तेव्हा बोचू दे.

आता नोकरीचं. तिथे बसायची वेळ, कामाची मुदत, विचारणारा वरिष्ठ हे सगळं बाहेरून येतं, त्यामुळे घरी एकटीने टाइमटेबल न पाळू शकणारी मुलं नोकरीत व्यवस्थित काम करताना मी पाहिली आहेत. तिथे खटकतात त्या गोष्टी वेगळ्या : काम किती दिवसांत होईल हे विचारल्यावर छातीठोक ‘उद्या’ म्हणणं, अडलं तर शेवटच्या दिवसापर्यंत न सांगणं, मीटिंगमध्ये काही लिहून न घेणं. यातल्या पहिल्या गोष्टीचा, म्हणजे वेळेच्या अंदाजाचा, सराव आत्ताच होऊ शकतो. चिठ्ठीवरच्या कामापुढे किती मिनिटं लागतील ते लिही, आणि झाल्यावर शेजारी खरी लागलेली मिनिटं. महिन्याभरात तुझा आकडा किती पटीने चुकतो ते कळेल. त्या चिठ्ठ्या फेकू नकोस, एका वहीत चिकटव. मुलाखतीत ‘एक्सेल येतं का’ विचारल्यावर ‘हो’ म्हणणारे शंभर असतात. कुठल्या फाइलवर काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं हे तारखेनिशी सांगणारे थोडे.

एक गोष्ट पत्रावरून कळत नाही म्हणून विचारते. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, उठावंसंच वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे का? असेल तर सवयींचा हा सगळा खटाटोप नंतर. आधी घरी बोल आणि डॉक्टरांकडे जा.

तसं नसेल तर उरलेल्या आठ गोष्टी एका पानावर लिहून ते पान वहीच्या शेवटी ठेव. दोन महिन्यांनी त्यातली एक उचल. बहुधा इंग्रजी उचलशील, कारण तोवर मुलाखतींचे दिवस आलेले असतील. तेव्हा इंग्रजी पेपरपासून सुरुवात करू नकोस. त्या संध्याकाळी एक्सेलमध्ये जे केलंस ते २० मिनिटं संपल्यावर तिथेच बसून, दार लावून, पाच मिनिटं मोठ्याने इंग्रजीत समजावून सांग. अडखळशील तो शब्द चिठ्ठीवर लिहून ठेव.