‘शोपेरो’ हा शब्द पाठ करून जा

प्रश्न : ऑक्टोबरात मी आणि हे मुलीकडे इटलीत, मिलानला जातो आहोत. परतीचं विमान शुक्रवारी दुपारी मालपेन्सा विमानतळावरून आहे. तिकडे रेल्वेचे संप फार होतात म्हणे. मुलीला सुट्टी नाही, आम्हा दोघांनाच निघावं लागेल. यांचे गुडघे दुखतात. काय करावं?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, २०२१चा एसटीचा संप तुम्हीही भोगला असेल. दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला तो एप्रिल उजाडला तरी मिटेना. आमच्या फाट्यावर काळीपिवळीवाला म्हणेल तो भाव! इटलीतला संप तसा नसतो. बहुधा एका दिवसाचा, तोही सांगून-सवरून. तिथल्या १९९०च्या कायद्याने किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखा लागतात. ‘शोपेरो’ म्हणजे संप. मुलीला आठवडाभर आधीपासून रोज बघायला सांगा. शुक्रवार हा संपवाल्यांचा आवडता वार आहे, म्हणून जास्त सांगते.

मिलानला मुलाकडून परतताना मी फसले ती अर्धवट माहितीने. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल सोडाव्याच लागतात, एवढं ऐकलं होतं. म्हणून साडेआठला निवांत मिलानच्या काडोर्ना स्टेशनवर पोचलो, तर विमानतळाची गाडी रद्द! खिडकीवरच्या बाईनं घड्याळावर बोट ठेवून समजावलं. हमीची गाडी म्हणजे सहानंतर निघून नऊच्या आत शेवटच्या स्टेशनात पोचणारी. आमची नऊनंतर पोचणार होती. बाहेरून विमानतळाच्या बदली बस सुटत होत्या, म्हणून निभावलं. लोणच्या-पापडाचे डबे मुलाकडे रिकामे झाले होते तेही बरंच, तरी बॅगा चढवताना हे म्हणालेच, “यापेक्षा आपली काळीपिवळी बरी, टपावर तरी टाकते सामान!”

गुडघ्यांचा विचार करता तुम्ही संपाची तारीख दिसली की गुरुवारीच विमानतळाजवळ मुक्कामाला जा. एका रात्रीचे पैसे जातील, जाऊ द्या. कारण रेल्वेमुळे विमान चुकलं तर विमान कंपनी काही देणं लागत नाही. कंपनीनंच विमान रद्द केलं तर गोष्ट वेगळी : युरोपातून निघणाऱ्या विमानाला तिथला नियम लागतो. दुसरं विमान किंवा पैसे परत, शिवाय दुसऱ्या विमानाची वाट पाहायची तर जेवण, गरज पडल्यास मुक्काम. तो हट्टानं मागा. रेल्वेचं तिकीटही फाडून टाकू नका, रद्द गाडीचे पैसे परत मिळतात. प्रवासविमा आत्ताच काढा. संप जाहीर झाल्यावर काढलेला सहसा त्या संपाला चालत नाही.

आणि हो, दारव्ह्याहून नागपूरच्या विमानतळावर कसं पोचणार, ते मात्र तुम्ही लिहिलंच नाही.