हापूसचा पुनर्मोहोर आणि जनुकं: ॲग्री की बायोटेक?

प्रश्न : मी देवगडजवळच्या गावात राहते. बारावी सायन्स, पीसीबी. जानेवारीत थंडी वाढली, कलमांना पुन्हा मोहोर आला आणि आधी धरलेली वाटाण्याएवढी फळं गळून गेली. झाडाला थंडी कळते कशी, हे मला शिकायचं आहे. बाबा म्हणतात बीएस्सी ॲग्री कर, कॉलेजमधल्या मॅडम म्हणतात बायोटेक. काय करू?

उत्तर : तुझा प्रश्न फार मोलाचा आहे, तो सोडू नकोस.

हे संशोधन आधी आंब्यावर होत नाही. कोयीचं झाड फळावर यायला कितीतरी वर्षं लागतात. म्हणून शास्त्रज्ञ अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं चिमुकलं रोप घेतात. पेरल्यापासून साधारण 6 आठवड्यांत त्याचं नवं बी तयार होतं. त्याला थंडी लागली की 15 मिनिटांत सीबीएफ नावाची जनुकं जागी होतात आणि पेशींना जपणारी इतर जनुकं सुरू करतात. उष्मा वाढला तर हीट शॉक प्रथिनं तयार होतात, ती बाकीच्या प्रथिनांची घडी विस्कटू देत नाहीत. पाणी तुटलं की ॲबसिसिक ॲसिड हे संप्रेरक वाढतं, पानांची रंध्रं मिटतात. आणि यातला सर्वांत सुंदर दुवा असा, की सीबीएफ जनुकं जिब्रेलिन या वाढीच्या संप्रेरकालाही कमी करतात, म्हणून थंडीत रोपाची वाढ मंदावते.

आता बागेकडे बघ. आंब्यात जिब्रेलिन मोहोराला अडवतं. कलमांना घालतात ते कल्टार हे वाढरोधक जिब्रेलिन तयार होऊ देत नाही, म्हणून मोहोर लवकर येतो. उलट, पुनर्मोहोर रोखायला जिब्रेलिक ॲसिडची, म्हणजे जिब्रेलिनचीच, 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग) फवारणी सांगतात. हापूसमध्ये थंडीचा निरोप मोहोरापर्यंत कुठल्या जनुकांतून पोचतो, हा प्रश्न तुझ्यासारख्या बागेतल्या मुलीने हाती घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं मत बाबांच्या बाजूने. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दे आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्री किंवा हॉर्टिकल्चरला प्रवेश घे. चार वर्षांत माती, कीड, कलमं सगळं हाताखालून जाईल, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्रही विद्यापीठाचंच आहे. जनुकांचं काम एमएस्सीला वनस्पती शरीरक्रियाशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन करता येतं. नुसती बायोटेकची पदवी घेऊन नोकरी मिळवणं जड जातं. ॲग्रीनंतर कृषी खातं, बँका, बियाणे कंपन्या असे रस्ते असतात. पुढे पीएचडीला बारामतीजवळ माळेगावची अजैविक ताण (थंडी, उष्मा, दुष्काळ यांचा ताण) व्यवस्थापन संस्था आणि दिल्लीची वनस्पती जीनोम संस्था ही नावं ध्यानात ठेव. शास्त्रज्ञ व्हायला बारावीनंतर दहाएक वर्षं लागतील, हे घरी आत्ताच सांग.

मात्र तुला शेतापेक्षा प्रयोगशाळाच ओढत असेल, तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी आयएटी ही तिची प्रवेश परीक्षा दे. तिथे गणित आणि भौतिकशास्त्रही विचारतात, तेव्हा तयारी आजपासून.

तोवर एक कमाल-किमान तापमापक आणून कलमाखाली टांग. रोजचं तापमान, कुठल्या कलमाला कधी मोहोर आला, गळ कधी सुरू झाली, सगळं तारखेसह वहीत लिही. कल्टार कुठल्या कलमांना घातलंय ते बाबांना विचारून शेजारी टीप.