दोन्ही हातांनी धरलेला कप

प्रिय भावा,

परवा फोनवर तू म्हणालास, "दादा, माझी दारू सुटून दीडच वर्ष झालं, मी त्या पिणाऱ्या फौजी हवालदाराला काय सांगू?" काहीच सांगू नकोस. सांगणारे त्याला खूप भेटलेत. बायको, मोठा भाऊ, सासरा सगळे सांगून थकले. तू फक्त जाऊन बस.

पहिल्या भेटीत दारूचा विषय काढू नकोस. पलटण कोणती, पोस्टिंग कुठे कुठे झाली, एवढंच विचार. पलटणीचं नाव घेताना फौजी आपोआप ताठ बसतो. मी पहिल्यांदा ज्याच्याकडे गेलो, तो बनियनवर ओट्यावर बसला होता. कप दोन्ही हातांनी धरलेला, तरी चहा मांडीवर सांडत होता. मी पाहतोय हे कळल्यावर तो शरमेने कप खाली ठेवायला लागला. मग मीही माझा कप दोन्ही हातांनी धरला. कधीकाळी माझेही हात असेच थरथरायचे. बऱ्याच वेळाने त्यानेच विचारलं, "तुमची कशी सुटली?" तेव्हा बोललो.

पंधरा-सतरा वर्षं हजेरीला उभा राहिलेला माणूस छत्तिशीत गावी येतो. पहाटे जाग येते, पण हजेरी घेणारं कोणी नसतं. पऱ्हाटीचं सगळं भावाला कळतं, याला नाही. पेन्शन येते, कॅन्टीनचा कोटा मिळतो, आणि "फौजी, एक रम आण ना" म्हणणारे दारात असतात. आपल्या चंद्रपुरात 2015 ला दारूबंदी झाली, 2021 ला उठली. बंदीची पहिली दोन वर्षं मी पीतच होतो, आणि बंदी उठली तेव्हा मला सुटून चार वर्षं झाली होती. बंदीला मी नावं ठेवत नाही, त्या काळात माझ्या बायकोला बाजारातून येताना जरा बरं वाटायचं. पण माझी सुटायला कामी आला तो रोज संध्याकाळी सात वाजता येणारा एका जुन्या सुभेदार साहेबांचा फोन. "जेवलास का?" एवढंच विचारायचे.

आता हे नीट वाच. सुरुवातीला मी एकाला जिद्दीने घरीच बसवलं, एकदम बंद करायला लावली. दुसऱ्या रात्री त्याला फिटचा झटका आला. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, वाचला. चूक माझी होती. म्हणून तू आधी विचार: रोज किती पितो, सकाळी पहिला घोट घेण्याआधी हात कापतात का, कधी झटका आलाय का. कापत असतील तर घरी बंद करायला लावू नकोस, त्याला दवाखान्यात ने. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर भ्रम होऊ शकतो, भलतंसलतं दिसायला लागतं, त्यात माणूस दगावूही शकतो. तिथे डॉक्टरांना दारूचं स्पष्ट सांग, लपवू नकोस. नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी व्हिटॅमिन बी1 चं इंजेक्शन द्यायचं का, हेही विचार. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर त्यांच्या पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवतात. रात्री-बेरात्री काही सुचलं नाही तर 14446 हा व्यसनमुक्तीचा नंबर लाव, फुकट आहे.

त्याची बायको डाळीत गुपचूप दारू सोडवायची गोळी घालायचं विचारेल. बिचारी कंटाळलेली असते, तिला रागावू नकोस, पण स्पष्ट नाही म्हण. त्या गोळीवर तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं. शिवाय घरच्या ताटावरचा विश्वास गेला तर तो जेवायला बसणार कुठे?

लग्नाच्या वरातीत फटाके फुटले की काही जण उठून निघून जातात. का, ते विचारू नकोस, सोबत चालत राहा. सीमेवरचं त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

आणि तो पुन्हा पिईल. पोळ्याला म्हण, पेन्शनच्या दिवशी म्हण. तुझा फोन उचलणार नाही. तरी दुसऱ्या दिवशी जा, "काल काय झालं" न विचारता बस. त्याच्यापायी तुझीच तल्लफ जागी झाली तर मात्र तिथून उठ आणि मला फोन कर, कितीही वाजले असोत.

सोमवारी सकाळच्या एसटीने मीही वरोऱ्याला येतो. स्टँडवर थांब, त्याच्याकडे सोबतच जाऊ.

तुझा,
दादा