कायद्याचा सल्ला : उधारीची तीन वर्षं कुठून मोजायची?

प्रश्न : मित्राला १२ एप्रिल २०२२ रोजी २ लाख रुपये चेकने हातउसने दिले. परतीची तारीख ठरली नव्हती. ५ फेब्रुवारी २०२४ ला त्याने २० हजारांचा चेक दिला, मग काहीच नाही. वकिलाची नोटीस पाठवून ठेवली तर दावा लावायची मुदत वाढेल का?

उत्तर : नाही. नोटिसा कितीही पाठवा, मुदत थांबवायची तर दिवाणी न्यायालयात दावाच दाखल करावा लागतो. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे अशा उसनवारीची तीन वर्षं पैसे दिल्यापासून मोजतात, मागितल्यापासून नव्हे. चेकने दिले असतील तर चेक वटल्यापासून. म्हणजे एप्रिल २०२५ मध्येच तुमचा हक्क गेला असता. वाचवलं ते त्या २० हजारांनी. मुदत शिल्लक असताना काही रक्कम परत आली आणि देणाऱ्याच्या सहीचा पुरावा असला, की कलम १९ खाली तीन वर्षं नव्याने सुरू होतात. तेव्हा दावा ५ फेब्रुवारी २०२७ पर्यंत दाखल करा. चेकची प्रत बँकेकडून आत्ताच मागवा. रोखीने किंवा यूपीआयने पैसे घ्याल तेव्हा त्याच्या सहीची चिठ्ठीही घ्या.

प्रश्न : माझं हार्डवेअरचं दुकान आहे. एका ठेकेदाराकडे २०२० पासूनची उधारी आहे. तो माल नेतो, अधूनमधून रक्कम भरतो. खातं चालू असेपर्यंत मुदतीचा प्रश्नच येत नाही, हे खरं का?

उत्तर : अर्धंच खरं. ती सवलत परस्पर खात्याला आहे : तुम्ही त्याला सिमेंट विकता, तो तुम्हाला वाळू विकतो आणि दोघांचंही एकमेकांकडे येणं असतं. एकाने माल द्यायचा नि दुसऱ्याने पैसे, हे परस्पर खातं नव्हे. इथे प्रत्येक बिलाची मुदत स्वतंत्र चालते : माल दिल्यापासून तीन वर्षं, किंवा उधारीचे दिवस ठरले असतील तर ते संपल्यापासून. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला होता, पण तो धरूनही २०२० च्या मध्यातली बिलं फेब्रुवारी २०२५ अखेर मुदतबाह्य होतात.

तरी एक वाट आहे, दुकानदार ती सहसा वापरत नाहीत. रक्कम कुठल्या बिलाची हे ठेकेदाराने सांगितलं नसेल, तर करार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे तुम्ही ती सर्वांत जुन्या, अगदी मुदत उलटलेल्या बिलालाही लावू शकता. त्याने बिल क्रमांक लिहिला असेल तर मात्र तसंच जमा करावं लागेल.

यापुढे दर ३१ मार्चला खातेउतारा काढा, त्यावर ‘अखेर बाकी रु. … मान्य’ लिहून तारखेसह सही घ्या. ‘बाकी आहे, पण सध्या देत नाही’ असं लिहून सही केली तरी ती कबुलीच, आणि तिथून तीन वर्षं नव्याने सुरू होतात (मुदत कायदा, कलम १८). चुकतं ते दोन ठिकाणी. सही मुकादमाची असते, ठेकेदाराची नाही. मुकादमाला तसा अधिकार दिलेला नसेल तर ती निरुपयोगी. दुसरं म्हणजे उशीर : सहीच्या दिवशी ज्या बिलांची मुदत बाकी आहे तीच वाचतात. समोर कंपनी असेल तर तिच्या ताळेबंदातली नोंदही कबुली ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

प्रश्न : २०१६ नंतर वैयक्तिक कर्जाचा हप्ता भरला नाही. आता वसुली एजंट म्हणतो, ‘तडजोडीच्या पत्रावर सही करा.’ करू का?

उत्तर : एकदम करू नका. मुदत उलटली तरी कर्ज संपत नाही, फक्त दाव्याचा मार्ग बंद होतो. पण ‘देईन’ असं लिहून सही केलीत, तर करार कायद्याच्या कलम २५(३) खाली नवा करार उभा राहतो. मधल्या काळात बाकी-कबुलीवर सही केली होती का, हे आधी तपासा. एजंटने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. समन्स आलं तर मात्र जरूर हजर राहून मुदतीचा मुद्दा लेखी मांडा. तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा (न्यायालयाचा निकाल) झाला, तर त्याच्या वसुलीची दरखास्त, म्हणजे अर्ज, बारा वर्षांपर्यंत देता येते.