सरोवरातील दुर्मीळ शिंपल्यांची गणना केल्याने त्यांचे संरक्षण होते का?

नुसत्या गणनेने होत नाही. मात्र काय मोजायचे हे नीट ठरवले, तर संरक्षण कुठे अडले आहे ते गणनेतूनच कळते. मी कॅनडात ओंटारिओ प्रांतात राहतो आणि सेंट क्लेअर सरोवरातील पाहणीत मदतनीस म्हणून काम केले आहे, म्हणून तिथलेच उदाहरण देतो.

या सरोवरात १९८८ साली युरोपातला झेब्रा शिंपला सापडला. जहाजांचा तोल राखण्यासाठी त्यांच्या टाक्यांत भरलेल्या पाण्यातून तो आला असे मानले जाते. बोटाच्या पेराएवढा हा जीव चिवट तंतूंनी देशी शिंपल्यांच्या कवचावर शेकड्यांनी बसतो, त्यांची हालचाल रोखतो आणि त्यांच्या वाट्याचे अन्नही खातो. १९९४पर्यंत सरोवराच्या खुल्या भागातले देशी शिंपले जवळजवळ नाहीसे झाले. जे उरले, ते मुख्यतः सेंट क्लेअर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील उथळ पाण्यात.

तिथे तळावर चौकट ठेवून आतला गाळ हाताने उपसून चाळला जातो. सापडलेल्या प्रत्येक जिवंत शिंपल्याची जात आणि लांबी नोंदवून, कवचावर क्रमांकाची चकती चिकटवून, तो होता तिथेच पुन्हा रोवतात. चाळण्याचे हे किचकट काम वगळू नये असे माझे ठाम मत आहे. अनेक देशी शिंपले काही दशके जगतात, त्यामुळे वर दिसणारे प्रौढ वर्षानुवर्षे जवळपास तेवढेच भरतात आणि प्रजनन थांबलेले लक्षातच येत नाही. पिल्ले पहिली काही वर्षे गाळात पुरलेली असतात, ती चाळल्याशिवाय दिसत नाहीत.

पिल्ले नसतील तर आधी मासे पाहावेत. झेब्रा शिंपल्याच्या अळ्या पाण्यात मोकळ्या वाढतात, पण देशी शिंपल्यांच्या अळ्यांना काही आठवडे ठरावीक जातीच्या माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहावे लागते. इथल्या एका दुर्मीळ जातीची मादी छोट्या माशासारखी दिसणारी त्वचेची घडी हलवून बास माशाला जवळ बोलावते आणि तो तोंड घालताच अळ्या सोडते. बास नसेल, तर त्या जातीची पुढची पिढीच नाही.

कवचावरचे झेब्रा शिंपले हाताने खरवडून त्या शिंपल्याचा जीव वाचवता येतो, पण सरोवरभर ते शक्य नाही. म्हणून गणनेइतकाच खर्च अळ्यांना आसरा देणाऱ्या यजमान माशांच्या पाहणीवर आणि शेतांतून वाहून येऊन शिंपल्यांवर साचणारी माती अडवण्यावर व्हायला हवा, आणि झेब्रा शिंपला आणखी पसरू नये म्हणून एका सरोवरातून दुसऱ्यात नेण्यापूर्वी प्रत्येक होडी धुऊन पूर्ण वाळवली गेलीच पाहिजे.