वाणाचे डबे, गायरान आणि तुझा अर्ज

पोरी,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण मुद्दाम लगेच फोन केला नाही, कारण तू भडकलेली होतीस आणि भडकलेल्या माणसाला फोनवर काही सांगितलं की तो नुसता हो हो करतो. म्हणून लिहूनच काढते सगळं. हे वाचून होईपर्यंत गावाच्या ग्रुपवर एक अक्षर टाकू नको.

तुझ्या ग्रामपंचायतीच्या उमेदवारीवरून ग्रुपवर फिरणारा तो फोटो मी झूम करून बघितला. ओटीवर बायका बसल्यात, तू स्टीलचे डबे देतेयस आणि खाली लिहिलंय की उमेदवाराने मतदारांना भांडी वाटली. आता त्या फोटोतली मागची भिंत बघ, निळी आहे. तुम्ही ती दिवाळीत पिवळी केलीत ना? म्हणजे हा गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फोटो, तेव्हा निवडणुकीचा पत्ताच नव्हता. आणि तू हे सोडून आपण किती प्रामाणिक आहोत ते ग्रुपवर दीड पान लिहीत बसलीस! तुझ्या प्रामाणिकपणावर कुणीही वाद घालेल गं, भिंतीच्या रंगावर काय घालणार?

बसलेल्या बायका पण नीट बघ. सगळ्या तुझ्याच वॉर्डातल्या. डब्यावारी मत विकलं असं त्यांना पण म्हटलंय त्या मेसेजमध्ये, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल अजून. तू त्यांच्या घरी जा, फोटो दाखव, बाकीचं त्याच बोलतील आणि तुझ्यापेक्षा मोठ्याने बोलतील. डाव्या कोपऱ्यात हिरव्या साडीत समोरच्या पॅनलवाल्यांच्या घरातली सून बसलीय असं मला वाटतंय. तीच असली तरी तिचं नाव कुठेही घेऊ नको, तिला त्या घरात राहायचंय. आणि यंदाची संक्रांत मतदानाच्या आधी येतेय तर हळदीकुंकू यंदा घरात घालूच नको, सासूबाईंना काय वाटायचं ते वाटू दे.

आता कागदाचं. मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहे तो फोन सांभाळ, फॉरमॅट वगैरे करू नको, कारण व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत काढल्याची तारीख राहत नाही, मूळ फाईलमध्ये राहते. ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट नंबर, तारीख, वेळ दिसेल असे काढ. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला अर्ज दे, दोन प्रती कर आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नको. अर्ज एका पानाचा. फोटो कधीचा, कशावरून, कुणी कधी टाकला, बस. रडगाणं नको, "माझ्या वाढत्या लोकप्रियतेला घाबरून" वगैरे तर अजिबात नको, ते वाचून साहेबलोक हसतात.

पोलिसात जायचं असेल तर जा, पण तिकडे काय होतं ते आधी माहीत असू दे. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल किंवा वागण्याबद्दल निवडणुकीच्या निकालावर परिणाम व्हावा म्हणून खोटं विधान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे, शिक्षा मात्र फक्त दंडाची. बदनामी कलम ३५६ मध्ये येते, तिला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दोन्ही अदखलपात्र, म्हणजे ठाण्यात एनसी लिहून घेतात आणि घरी पाठवतात, बदनामीसाठी तर तुला स्वतः कोर्टात फिर्याद करावी लागते आणि ते प्रकरण तुझी टर्म संपली तरी चालू राहू शकतं. एनसी नोंदवून ठेव, कागद झाला पाहिजे, पण त्याच्या जोरावर मतदानाच्या आधी कुणाला आत टाकशील हे डोक्यातून काढ. ग्रुप ॲडमिनशी पण भांडत बसू नको, सभासदाने टाकलेल्या पोस्टला नुसता ॲडमिन आहे म्हणून तो जबाबदार धरता येत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय.

दुसऱ्या आरोपाबद्दल तू एका ओळीत "तेही खोटंच आहे" असं लिहिलंयस, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. तुझ्या सासऱ्यांचा गोठा गायरानात आलाय असं ते म्हणतायत. तू मोजणी बघितलीस का? नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदीचा, उतारा काढलास का? की घरात सगळे म्हणतात म्हणून खोटं? सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत सदस्यत्व जातं, आणि अतिक्रमण घरच्या माणसाने केलं, मी नाही, ही पळवाट सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये बंद केलीय. म्हणजे तू आज भर सभेत "हिंमत असेल तर सिद्ध करा" म्हणालीस आणि निवडून आल्यावर कुणी जिल्हाधिकाऱ्यांकडे मोजणीचा नकाशा घेऊन गेलं की खुर्ची गेली. त्यामुळे फोटोबद्दल आजच बोल, गोठ्याबद्दल कागद हातात येईपर्यंत गप्प बस. कुणी विचारलंच तर "मोजणीचे कागद काढतेय" एवढंच सांग. आणि कागद उलटे निघाले तर मला आधी सांग, घरच्यांना नंतर.

तुझ्या पॅनलची पोरं त्यांच्या ढाब्यावरच्या पार्टीचा मेसेज तयार करून बसलीयत, भावाने कळवलंय मला. पार्टी झाली असेल, नाकारत नाही, गावात काय होतं ते मला माहितीय. पण तुमच्यातल्या कुणी डोळ्यांनी बघितली का, व्हिडिओ आहे का? असेल तर तो अधिकाऱ्याकडे द्या. नसेल तर तेच कलम १७५ तुमच्या पण अंगावर येतं, शिवाय उद्या फोटोचं तुमचं खरं म्हणणं आणि पार्टीचं ऐकीव म्हणणं लोक एकाच टोपलीत टाकतील.

आणि एक, जे तू मेसेजमध्ये लिहिलं नाहीस पण मला दुसरीकडून कळलं. तालुक्याला तू मीटिंगला कुणाच्या गाडीतून गेलीस यावर जे चाललंय ते. २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्या तरी बाई उभी राहिली की हे येतंच, पुरुषाला डब्यावर सोडतात, बाईला गाडीपर्यंत नेतात. याला उत्तर द्यायचं नाही. गाडीत कोण कोण होतं हे सुद्धा सांगायचं नाही, एकदा सांगितलंस की पुढच्या प्रत्येक गाडीचा हिशोब द्यावा लागेल. नवऱ्याला मात्र स्वतः सांग, त्याला पारावर कळायला नको. कुणी लिहून टाकलं तर स्क्रीनशॉट त्याच फाईलमध्ये.

फाईल निकालानंतर पण ठेव. हरलेल्याला निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे निवडणूक अर्ज करता येतो, तेव्हा हेच डबे परत निघू शकतात. आणि खर्चाचा हिशोब ३० दिवसांत द्यायचा, जिंकलीस तरी, हरलीस तरी. हरलेले तो देत नाहीत आणि मग पाच वर्षं लढता येत नाही. चहाची, रिक्षाची, पोस्टरची बिलं आजपासून एका पिशवीत टाकत जा.

शनिवारी मी तालुक्याला आहे, दुपारी दोननंतर मोकळी. अर्जाचा कच्चा मसुदा आणि नमुना ८ घेऊन ये, भावाला आण, पॅनलवाल्यांना नको.

तुझी,
काकू